नग क्रमांक नऊ

सोमवारी हा परत करायचा.
गुंजाळांच्या रजिस्टरात एक रकाना आहे,
‘नेतानाची स्थिती’. तिथं चार वर्षांपूर्वी
त्यांनीच लिहिलंय, ‘बरी’.
शेजारचा रकाना कोरा.

आज शनिवार. फोर्टातल्या हॉलमध्ये
रंगीत काचांतून उतरलेलं पाच वाजताचं ऊन
बासरीवाल्यांच्या मांडीवर पडलंय.
आमच्यापर्यंत येत नाही ते.
आम्ही मागं, खांबापाशी,
मी आणि ऑल्विन डाबरे,
आणि आमच्याहून वीतभर उंच आमचे दोन डबल बास,
लग्नात कुणी बसा न म्हटलेल्या मामांसारखे.

पहिल्या वर्षी टेम्पोतून हलवताना
कलिन्याच्या सिग्नलवर हवालदारानं विचारलेलं,
आत कोण आहे?
म्हटलं, अजून ओळख नाही झाली.

नोशीर सर म्हणायचे, शिरोडकर,
तू वाजवते ते कोणाला ऐकू येत नाय,
पन तू थांबली का सगळ्यांना समजते.
हे मी आईला सांगितलं होतं एकदा.
ती गिरणीचा पट्टा चढवत होती.
तिला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या भागात पन्नास रिकामी घरं.
वाजवायचं नाही, मोजायचं.
मी माझ्या मराठीत मोजते, ऑल्विन त्याच्या वसईच्या बोलीत,
ओठ हलतात दोघांचे, जपाला बसल्यासारखे.
एकोणतीस, एकोणचाळीस,
आणि एकोणपन्नासला दरवेळी जीव वर येतो,
भाषाच सांगत असते, एक कमी आहे, एक कमी आहे,
आणि गज उचलला जातो
दोघांचा, एकदम.

आई आली आहे.
पाटीवर खडूनं ‘आज दळण मिळणार नाही’ लिहून,
कानामागचं पीठ तसंच ठेवून.
खांबाआडून तिचं फक्त कोपर दिसतंय
आणि मांडीवरच्या पिशवीचा बंद.

मग चौथा भाग.
कुणीतरी एक पान चुकीचं उलटलं, कुणीतरी शिंकलं,
ऑल्विनची तार उतरत चालली होती
तरी तो रेटत होता, घामानं निथळत,
आणि मी त्याच्या बेसुराला धरून राहिले,
चार वर्षांत पहिल्यांदा मुद्दाम चुकले.

शेवट आमचा नसतो.
व्हायोलिनवाले तो वर कुठंतरी नेऊन ठेवतात.
आमचा शेवटचा सूर सहा घरं आधीच संपतो.
म्हणजे माझं विद्यापीठ
सगळ्यांच्या आधी सहा घरं संपलं
आणि मी नुसती उभी राहिले, गज खाली,
ऐकत.
असं वाजतं होय हे, मला वाटलं.
समोरून असं वाजतं.

टाळ्या. नोशीर सरांनी हात वर केला
मागच्या रांगेसाठी. आम्ही वाकलो, खांबाला.

बाहेर सामोसे होते. आई म्हणाली,
तू कुठं होतीस ते काही दिसलं नाही बाई.
पण चपला काढून बसले होते मी.
पायाला कळत होतं.
गहू टाकला की फरशी वेगळी लागते,
तुझी ज्वारी होती.

तानपुऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून
जे काढतात, त्यालाही जवारी म्हणतात,
हे मी तिला सांगणार होते.
पण ती तोवर आत गेली होती,
माझ्या नग क्रमांक नऊपाशी,
पाहुण्याच्या पोराकडं बघावं तशी बघत.
मानेवर माझ्या अंगठ्यानं झिजवलेली एक जागा आहे.
रजिस्टरात तिला काय म्हणत असतील?

तारांखाली राळेची भुकटी साचलेली, पांढरी.
तिनं बोटावर घेतली, वास घेतला,
कसलं गं हे पीठ?
आणि सवयीनं पदर पुढं केला, पुसायला.

राहू दे, म्हटलं.
सोमवारपर्यंत राहू दे.