तीस अंश

नारळ खवताना बोट कापलं, इतकंच.
त्याच हातानं थर्लबींची माशांची टाकी धुतली.
ते गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले होते,
किल्ली माझ्याकडे.

महिन्याभरानं बोटावर जांभळट गाठ.
मग मनगटाकडे दुसरी, तिसरी,
वाट विसरू नये म्हणून
कुणी खडे टाकत जावं तशी.

हलच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई विचारत राहिल्या:
मांजर ओरबाडलं? गुलाबाचा काटा? समुद्रात पोहलात?
मी दारापर्यंत पोचले, तेव्हा: घरी मासे?
घरी नाहीत, म्हटलं. शेजारी.

हा जंतू म्हणे अंगाच्या उबेत नीट वाढत नाही.
लॅबमध्ये त्याला तीस अंशांवर जोपासला,
सहा आठवडे.
म्हणून तो बोटांतच अडून बसला,
चपला न काढता ओसरीवर बसलेल्या पाहुण्यासारखा.

चौथा महिना. दोन तऱ्हेच्या गोळ्या.
चहासुद्धा लागतो
कल्हई उडालेल्या भांड्यातला, कळकलेला.
एकीनं लाल-हिरवं पुसट होऊ शकतं,
तर दर महिन्याला ठिपक्यांतला आकडा वाचायचा.

मधल्या दिवसांत मी थर्लबींकडे जाते.
ते काठी टेकत रबरी हातमोजे आणतात,
ओशाळून.
मी आधी काचेला नाक लावते.
शेवाळ हिरवं.
मासा, थांब जरा, वळू दे त्याला,
लाल.