रजिस्ट्रारचं ऑफिस, तळमजला

पाटीवरचा ‘लूथरन’ हा शब्द
दर दहा वर्षांनी थोडा थोडा बारीक होत गेलाय.
सगळी लेटरहेडं आहेत माझ्याकडे,
लावून बघा एका ओळीत:
एकतीस साली तो नावाच्याही आधी, छाती काढून,
आता तळाशी, फोन नंबरच्या शेजारी,
चष्मा लावून शोधावा लागतो.

आयोवातलं हे गाव, हार्लन्स ग्रोव्ह.
तीन बाजूंनी मका, चौथीला मक्याची कोठारं.
नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांनी
स्वतःच्या घरांवर छपरं चढायच्या आधी
कॉलेजचा पाया खणला.
देणग्या गव्हाच्या पोत्यांत,
एकाने डुकरीण दिली, ‘आठ पिलांसकट’.
इतिवृत्तात नीट नोंद आहे,
शाई अजून काळी.

सोमवारी शिकागोहून सल्लागार आले.
निळा कोट, मोज्यांवर अननस.
म्हणाले, श्रद्धा हा शब्द बाजारात चालत नाही,
‘उद्दिष्ट’ चालतो.
म्हणाले, चारशे बारा विद्यार्थ्यांवर
विद्यापीठ उभं राहत नाही.
तेव्हा पास्टर एल्स्टाद,
धर्मशास्त्र विभागाचे प्रमुख, आणि तेच अख्खा विभाग,
हळूच म्हणाले,
एकदा बारांवर सुरुवात झाली होती.
कोणी हसलं नाही.
मी हसले, टिपणं घेता घेता.
हसल्याची नोंद केली नाही.

चॅपेलचं हीटिंग बंद आहे जानेवारीपासून.
रविवारी नऊ माणसं येतात, कोट न काढता बसतात.
रोज जाते ती होदान वार्सामे,
नर्सिंगचं दुसरं वर्ष, वडील मांसाच्या कारखान्यात.
तिने किल्ली मागितली तेव्हा मी जुनी घटना काढली.
कलम चौदा:
‘प्रार्थना करू इच्छिणाऱ्या कोणासही दार बंद असू नये.’
कोणाची प्रार्थना, ते लिहायचं राहून गेलं असेल,
किंवा राहिलं नसेलही.
किल्ली दिली, सही घेतली.
ती ऑर्गनच्या पाठीमागे चटई अंथरते,
ईशान्येकडे तोंड करून.

त्याच इतिवृत्तात, सन एकोणीसशे, फेब्रुवारी:
‘हिंदुस्थानातील दुष्काळासाठी मका, अकरा पोती.’
बोट तिथेच थांबलं.
माझे पणजोबा त्या साली
नगरच्या मिशनच्या फाटकाशी सापडले,
पाच वर्षांचे, बरगड्या मोजता येतील असे.
आडनाव नव्हतं, मास्तरांनी हिवाळे लावलं.
बोर्डिंगात मक्याच्या कण्या मिळायच्या,
आमच्याकडे अजून सांगतात,
परदेशी मका, चव लागायची नाही,
तरी पोरं ताटं चाटायची.

हीच ती पोती?
पुरावा नाही.
आणि पुराव्याशिवाय शिक्का मारायचा नाही,
हीच तर माझी बावीस वर्षांची इथली नोकरी.

बोर्डाचा निर्णय जूनवर गेला.
हॉस्पिटलवाल्यांना नर्सिंगची इमारत हवीय,
बाकीचं पाडलं तरी त्यांची हरकत नाही.
घंटेचं काय, कोणी विचारलं.
सल्लागारांनी वहीत लिहून घेतलं: घंटा.
माझी कपाटं डेस मॉइन्सला जातील म्हणे,
सरकारी तळघरात, जिथे ओल नसते
आणि माणूसही नसतो.

आजच्या टपालात एक पत्र,
सोल्वेग ब्रेक्के, वय त्र्याण्णव,
चोपन्न सालची गुणपत्रिका मागतायत.
‘नोकरीसाठी नको, घाबरू नका.
फक्त एकदा बघायचीय.’
काढली.
ग्रीक: सी.
वनस्पतिशास्त्र: बी.
कॉयर: ए, आणि शेजारी कोणीतरी पेन्सिलीने,
‘आवाज फार मोठा’.
पेन्सिलीचंही उतरवून घेतलं,
शिक्का मारला, जरा जोरातच.
दहा डॉलरांचा रकाना रिकामा सोडला.
ऑडिटर विचारतील,
जूननंतर ऑडिटर असले तर.