डोईमागे

दुतोंड्या मारुतीपासून नदीकडे उतरताना
डाव्या हाताला जी ठिगळाची छत्री दिसते
तिच्याखाली माझे वडील. काशिनाथ सैंदाणे.
एकतीस वर्षं लोकांच्या डोक्यावरून आधी पाण्याचा हात फिरवतात,
मग वस्तरा.

मी कॉलेज रोडला, तिसऱ्या मजल्यावर, एसीत,
केस काढते.
म्हणजे तेही काढतात, मीही काढते,
फक्त त्यांचे पायरीवर पडतात
आणि माझे पडद्यावर उगवतात:
कुरळे, पिंजारलेले, निळे, वेणीचे सतरा प्रकार.
खेळ पोलंडचा, पगार नाशिकचा.
फाइलचं नाव, अवतार केस चार.

आई रोज सकाळी दारातून मागे ओढते,
काय अवतार केलायस, तेल लाव आधी.
तिच्या तोंडी हा शब्द कधी देवळात गेलेलाच नाही.
मागच्या गल्लीतले बुवा वारले तेव्हा मात्र
पत्रिकेवर छापून आलं, अवतारकार्य संपवले.
बाबांचे सातशे रुपये त्यांच्याकडेच राहिले.

आग्न्येश्का कॉलवर म्हणाली,
आमच्यात एक असेल तर अवातार,
पुष्कळ असले की अवातारी.
मला हसू आलं.
अवतारी आमच्याकडे एखादाच असतो बाई, तोही लाखात.
तिला सांगितलं, मुळात अर्थ उतरणं.
कुठून?
वरून, म्हटलं, आणि खिडकीबाहेर पाहिलं.
वर पाण्याची टाकी होती.

बाबा असल्या गोष्टी बोलत नाहीत.
एकदाच म्हणाले, ब्लेड मोडून अर्धं करताना:
पोरगा बसतो तेव्हा पोरगाच असतो.
केस गेले, मिशी गेली, मी पुसून बघतो
तर त्याचा बाप समोर बसलेला.
तीच कानशिलं, मागे तोच खड्डा.
मी आरसा देत नाही.
मागितला तरच.

मार्चमध्ये एक खेळाडू गेला.
लुब्लिनचा. वय तेवीस. खेळातलं नाव म्हातारा लांडगा.
त्याचा अवतार पुलावर होता तसाच उभा,
माझ्याच हातचे तांबडे केस,
वारा चालू राहिलेला, म्हणून भुरभुरत.
निरोप आला, दोस्तांना काहीतरी करायचंय,
मेणबत्त्या झाल्या, फुलं झाली,
तुमच्याकडे काय करतात?

जेवताना मी विचारलं,
त्याचे केस उतरवू का?
बाबांनी भाकरी खाली ठेवली.
येडी का तू. मेलेल्याचे कोण काढतं?
जिवंतांचे काढ.

रात्री एक डोकं करायला घेतलं. उघडं.
सोपं वाटलं होतं.
पण केसांच्या खाली काय असतं
ते चार वर्षांत मी कधी काढलंच नव्हतं.
कवटीचा उतार जमेना.
शेवटी बाबांनाच स्टुलावर बसवलं,
त्यांची टोपी काढली,
फोन फिरवला चहूबाजूंनी.

शुक्रवारी लुब्लिनहून, रेसिफेहून, बुसानहून, कुठून कुठून
अकराशे सहा जण
त्या पुलाच्या पायऱ्या उतरून आले,
शस्त्रं ठेवून, सगळे भादरलेले.
सगळ्यांना माझ्या बापाची कवटी.
बोलायची सोय होती, कुणी बोललं नाही.
मध्ये तो एकटा, तांबडा,
भुरभुरत.

दुसऱ्या दिवशी बाबांना दाखवलं, छत्रीखाली.
उन्हात धड दिसेना, फोन ओंजळीत धरला त्यांनी
आणि पाहत राहिले, बराच वेळ.
मग म्हणाले, डोईमागे किती घेतलेस?
काहीच नाही.
हं.
गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. टॉवेल झटकला,
तांब्या पुढे ओढला
आणि माझ्याकडे न बघता:
शेंडी ठेवायची राहिली.