पॉपेट

वडील सगळ्यांनाच पॉपेट म्हणायचे.
पावाच्या दुकानातल्या ऑनरला,
एका कानाच्या मांजरीला,
वादळातून धड परत आलेल्या होडीला,
आणि मलाही.
सात वर्षांची होते. रुसून बसले
धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवर :
मला माझा वेगळा शब्द हवा,
घडी न मोडलेला.

अ‍ॅपलडोरच्या गोदीत ते सुतार.
खिशात खडू, कानामागे पेन्सिल, बोटं नऊ.
दहावं कुठे गेलं विचारलं की म्हणायचे,
लेथवरच्या पॉपेटने खाल्लं.
म्हणजे लेथलाही एक होतीच.
मी आणखी रुसले.

शेजारच्या मिसेस स्लोमननी भर घातली.
पॉपेट म्हणजे चिंध्यांची बाहुली गं,
ज्याचं वाटोळं व्हावं त्याचे केस आत शिवायचे,
टाचण्या खुपसायच्या,
आणि धुराड्यात दडवून ठेवायची.
पूर्वी सापडायच्या अशा, जुनी घरं पाडताना.
एवढं सांगून त्यांनी मला केक दिला.
त्या रात्री मी वेणी मुठीत धरून झोपले.

मग एका भरतीच्या सकाळी
वडील मला गोदीत घेऊन गेले.
नव्या जहाजाच्या नाकाखाली, अगदी खाली,
जिथे चरबीचा आणि ओल्या लाकडाचा वास कोंडलेला,
तिथे ओळीने उभे होते जाडजूड वासे.
वरचं सगळं लोखंड त्यांच्या डोक्यावर.
"ही बघ," ते म्हणाले, "खरी पॉपेट."
त्यांनी एकीला थोपटलं,
मांजरीला थोपटत तसं.

कुणाच्या तरी बायकोने बाटली फोडली.
बँड चुकीच्या जागी सुरू झाला.
जहाज हललं, आधी इंचभर, मग एकदम,
लाकूड करकरलं, धूर निघाला,
आणि टॉरिज नदीने ते अंगावर घेतलं.
लोक टोप्या उडवत होते.
मी बघत होते जहाजामागचं पाणी :
ते वासे एकेक करून वर येत होते, सोललेले,
आणि दोन माणसं होडीतून
आकड्यांनी त्यांना ओढून घेत होती.

"मग मी अशी?" मी विचारलं.
"जहाज गेलं की पाण्यात सोडून द्यायची?"
वडील हसले नाहीत.
वाटेत चिप्स घेतल्या.
व्हिनेगर जास्त पडलं होतं.
घराचं दार आल्यावर म्हणाले,
"तू नाहीस गं. तू जहाज."
मग वासा कोण,
ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही,
अकरा वर्षांनी ब्रिस्टलच्या गाडीत बसले
तेव्हासुद्धा.
ते फलाटावर उभे होते,
ताठ.

कॉलेजात डोळा शिकले.
पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले,
मधल्या काळ्या भोकाला आपण बाहुली म्हणतो,
रोमन लोकही बाहुलीच म्हणत,
कारण जवळ जाऊन पाहिलं की
आपणच दिसतो तिथे, बाहुलीएवढे.
आणि त्याच लॅटिन घराण्यातून, ते सहज म्हणाले,
पॉपेट आली.
वर्गातले सगळे लिहून घेत होते.
माझी पेन्सिल मोडली.

परवा ते आले, माझ्या दवाखान्यात,
ब्याऐंशी वर्षांचे, कोटाचं बटण चुकीच्या काजात.
हनुवटी इथे. कपाळ इथे टेका. हलू नका.
"बरं, पॉपेट."
मी दिवा वळवला, वाकले.
डाव्या डोळ्यात धुकं,
नदीवर पहाटे असतं तसं,
आणि त्या धुक्याच्या पुढ्यात, खिळ्याच्या माथ्याएवढी,
पांढऱ्या कोटातली कुणीतरी.
ती मान तिरकी करून माझ्याकडे बघत होती.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.
"मोतीबिंदू," मी म्हटलं.
"एवढंच?"
"हलू नका म्हटलं ना."

नंतर बाहेरून आवाज आला त्यांचा,
काउंटरवरच्या नव्या मुलीला म्हणत होते,
जरा टोपी दे गं, पॉपेट.
या खेपेला मी रुसले नाही.
म्हणजे,
फारशी नाही.