फ्रिज हलवला तेव्हा

निहार देवस्थळी नावाचा मुलगा
गळ्यात स्टॉपवॉच अडकवून आला
आणि तीन दिवस माझ्या मागे मागे हिंडला.
लग्नाआधीसुद्धा माझ्या मागून कुणी इतकं चाललं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यानं भिंतीवर लॅबचा नकाशा लावला,
टाचण्या टोचल्या, लाल लोकर ओढत नेली:
खिडकी ते सेंट्रिफ्यूज, सेंट्रिफ्यूज ते फ्रिज,
फ्रिज ते मशीन, मशीनपासून परत खिडकी,
कारण बारकोडचा प्रिंटर खिडकीपाशी,
आणि तो तिथेच का, हे कुणालाच ठाऊक नाही.
शेवटी नकाशा दिसेनासा झाला, उरला गुंता.
"तांडेल मॅडम, ह्या तुम्ही," तो म्हणाला,
"एका पाळीत सहा किलोमीटर चारशे मीटर."

म्हणजे परळच्या ह्या दुसऱ्या मजल्यावरून
मी रोज माहीमला, आमच्या कोळीवाड्यापर्यंत
चालत जात होते,
हातात दुसऱ्यांचं रक्त घेऊन,
आणि संध्याकाळी पुन्हा बसची रांग.

वाया जाण्याचे सात प्रकार असतात, त्यानं सांगितलं.
गमरेमामा म्हणाले, आठवा प्रकार मीटिंग.
तो हसला, पण लिहून घेतलं.

चाळीस ट्यूबा साठेपर्यंत थांबू नका, म्हणाला,
आठ झाल्या की फिरवा.
आमची रीत वेगळी होती:
पंगत भरल्याशिवाय वाढायचं नाही.
पहिल्या पानावरचा माणूस
उपाशी बसलाय तासभर,
हे वाढपी असून कधी दिसलं नाही.

मग फ्रिज हलवायचा ठरला.
चौघांनी धरला, मामांनी शिव्या घातल्या,
आणि तो जागचा सुटला तसं मागून निघालं
बावीस वर्षांचं काय काय:
निळी बुचं, वाळलेली पाल,
कुणाचंतरी कानातलं,
दत्ताच्या कॅलेंडरातला एक जुना एप्रिल,
आणि एक चिठ्ठी.

लाल शाईत: तातडीचे.
पोटॅशियम. बेड चौदा. स्त्री, बावन्न.
नाव ओलीनं खाल्लेलं, शेवटचं "बाई" तेवढं उरलं.
वेळ चार दहा. तारीख अकरा वर्षांपूर्वीची.
त्या महिन्यात दुपारची पाळी कुणाची होती
ते कुणी विचारलं नाही.
माझी होती.

वॉर्डानं पुन्हा पाठवलं असेल सँपल.
पाठवतातच. फोन करतात, ओरडतात,
वॉर्डबॉय धावत येतो.
असेल.
त्या वर्षीची रजिस्टरं रद्दीत गेली,
किलोला नऊ रुपये, त्याचा समोसा आम्हीच खाल्ला.

निहारनं पेन उघडलं. सात रकाने.
"हे कशात लिहू?" त्यानं मला विचारलं.
"थांबणं" मध्ये लिही, मी म्हटलं.
त्यानं वेळ टाकायला घड्याळ उचललं,
जरा वेळ तसंच धरलं,
आणि शर्टाच्या आत सोडून दिलं.

आता सगळं सरळ आहे.
पोटॅशियमला चौऱ्याण्णव मिनिटं लागत, आता अडतीस.
टेबलावर पिवळ्या पट्टीचे चौकोन,
पिपेटचा चौकोन, स्टेपलरचा चौकोन,
गमरेमामांच्या तपकिरीच्या डबीलासुद्धा एक,
तो त्यांनीच चिकटवला.
मी घरीही साखरेचा डबा गॅसजवळ आणला,
चार पावलं वाचली.
ह्यांना तो आठवडाभर सापडला नाही,
बिनसाखरेचा चहा पीत राहिले, बोलले नाहीत.

फ्रिज होता तिथे फरशीवर
गंजाची चार गोल वर्तुळं.
पाय अजून त्यांना वळसा घालतात.

चिठ्ठी मी टाकली नाही.
लॅबमधल्या प्रत्येक वस्तूला आता ठरलेली जागा,
हिला तेवढा चौकोन नाही.
एप्रनच्या खिशात असते.
दर सोमवारी एप्रन धुवायला टाकताना काढते,
धुतलेल्याच्या खिशात घालते.
निहारच्या हिशेबात हेही एक
विनाकारण हलवणंच.