उष्टं

तार्तू, फेब्रुवारी. एमायोगी नदी इतकी गोठलेली
की लोक तिच्यावरून कुत्री फिरवतात.
आइमे चौथ्या मजल्यावर, नुसत्या पायमोज्यांत,
पडद्यावर ग्राफ मांडतेय:
डावीकडे बिट, उजवीकडे तपासनीस.
समोरासमोर बसलेल्या दोन पंगती,
शेजाऱ्याशी अवाक्षर नाही,
बोलायचं ते फक्त समोरच्याशी.

डाव्या पंगतीत निरोप बसलाय,
वाटेत कुठे कुठे आपटून आलेला.
उजवीकडच्यांना एकच हिशेब येतो:
माझ्या वाट्याला आलेल्यांची बेरीज सम हवी.
विषम आली की कुणीतरी चुकतंय.
कोण, हे त्यांनाही सांगता येत नाही.
मग कानगोष्टी, फेरीमागून फेरी.
‘मी बहुधा शून्य.’
‘बाकीच्यांवरून तर तू एक वाटतोस.’
दहाव्या-बाराव्या फेरीला
पंगत एकमतानं उठते.

उठायला हवी.
एकतिसाव्या चाचणीत ती भलत्याच निरोपावर उठली,
तीही ठाम खात्रीनं.

काळ्या पावावर मासळी ठेवता ठेवता
उर्मासनं तिची ओळ वाचली आणि हसला.
‘अगं, त्यानं वाढलेलं तू त्यालाच परत वाढतेयस.
उष्टं.
त्याला सांगताना त्याचं तेवढं वजा कर,
इतरांनी दिलेलंच पुढे सरकव.’

तिनं वजाबाकी घातली.
एकतिसावी लालच.

तेव्हा तिनं ग्राफलाच विचारलं:
तुझ्यातला सगळ्यात लहान फेरा केवढा?
उत्तर आलं, चार.
दोन बिट, दोन तपासनीस, चौघांत चार रेघा.
एकानं सहज टाकलेली शंका
दुसऱ्याच्या दारानं पाहुणी होऊन परत येते
आणि आपण आपल्याच लेकीला न ओळखता
साक्षीदार म्हणून बसवून घेतो.

आइमेनं कागद ओढला. नावं लिहायची नव्हती, लिहिली.
डावीकडे आइमे, मारेत.
उजवीकडे साल्मेमावशी, काल्युकाका.
आईच्या दफनाला बाबा आले नाहीत,
कारण वाल्गाच्या स्टेशनवर पिऊन पडले होते.
हे दोघी बहिणींना पक्कं माहीत आहे, सव्वीस वर्षं.
मला कुणी सांगितलं? साल्मेमावशीनं.
तिला मारेतनं. मारेतला काल्युकाकानं.
आणि काल्युकाकाला

नऊ वर्षांची एक मुलगी, कोटाची बटणं चुकीची लावलेली,
त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवरून विचारते,
‘बाबा पिऊन पडले असतील का?’
असतील का.
प्रश्न होता तो.

बाबांकडून एकही रेघ निघत नव्हती.

मॅट्रिक्समधला एकच एक उचलून
तिनं खालच्या ओळीत नेला.
घेर, सहा. एकतिसावी हिरवी.
बदलाची नोंद लिहिली, ‘फेरा तोडला’,
आणि बराच वेळ जागची हलली नाही.

वाल्गाचा नंबर मारेतकडे होता.
तिला विचारलं नाही, जुन्या वहीत शोधला.
पलीकडे खरखर, टीव्ही, म्हातारा श्वास.
‘कोण?’
‘आइमे.’
‘कोण?’
‘आइमे. आइमे.’

तीनदा सांगणं, सगळ्यात ढोबळ, सगळ्यात उधळा कोड.
पण त्यात एक चूक
पोटात घालता येते.