साडेतीन टापा

देगलूर रस्त्याच्या डांबरावरून
पहाटे तिला चालवत आणताना मी डोळे मिटून घेतो.
टाप, टाप, टाप, आणि चौथी
अर्धीच.
बोलता बोलता कुणी
नाव गिळावं तशी.

मैनोद्दीनचाचा पुढचा उजवा खूर मांडीवर घेतात,
चिमट्यानं कडेकडेनं दाबत जातात.
एका जागी शेवंतीची कातडी थरथरते.
"इथं हाय. गरम लागायलंय, हात लाव."
हात लावला.
भाकरी संपल्यावर तवा असतो ना,
तेवढंच गरम.
"नाल फिरवून देतो. पण खिळा कुठवर धरंल, बाबा,
भिंतच पोकळ व्हायलीय."

डॉक्टर केंद्रे म्हणाले, सुई देऊ, सीझन निघून जाईल.
मग म्हणाले, सीझन कुणाचा?
नाही, म्हणाले नाहीत. मीच ऐकलं.
कॅलेंडरवर अकरा तारखांना लाल गोल,
सुपारी घेतलेली, निम्मी कडब्यात गेलेली.
मी सुई द्या म्हटलं.

निडेबनच्या वरातीत, मारुतीच्या पारापाशी,
सुई उतरली.
हलगीवर काडी पडली आणि शेवंतीनं पाय उचलला,
ठेवलाच नाही.
मान वर, मान खाली, मान वर.
"वा! काय नाचायलीय!"
नवरदेवाच्या मामानं तिच्या कपाळावरून नोट ओवाळली,
एकानं पन्नासाची दातांत धरून तिच्यापुढं कमान केली.
तेरा सीझनमध्ये एवढ्या नोटा आल्या नव्हत्या.
लगाम माझ्या हातात होता.
ती कोणत्या तालावर आहे
हे मला एकट्यालाच कळत होतं.
मी नोटा वेचल्या. तेही सांगून टाकतो.

मेहुणा म्हणाला, माळेगावला ने.
पांढरी हाय, गळ्याला देवमण हाय,
सुई टोचून उभी कर. सकाळी चालंल, दुपारी विकंल,
गिऱ्हाइकाला संध्याकाळी कळंल, तवर आपण घरी.
माझ्या बापानं ती माळेगावातूनच आणली,
दात बघून, चारी पायांवरून हात फिरवून,
रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून.
मी त्या रुमालाखाली
कोणती बोटं धरू?

उरलेल्या सात घरी फोन केले.
एक जण शिव्या देऊन मोकळा झाला.
एकानं विचारलं, मेली का?
नाही म्हटलं.
"मग?"
ह्या "मग"पुढं मला काही बोलता आलं नाही.

साज खुंटीला आहे. मोत्यांच्या झालरीत
कुठल्याशा लग्नाची चमकी अजून अडकलेली.
चाचांनी चारही नाला काढल्या,
मजुरी घेतली नाही, चहाही अर्धा ठेवला.

आता ती हाळीला, बहिणीच्या रानात.
काळ्या मातीत टापांचा आवाज होत नाही,
तीन की चार, मोजता येत नाही.
डोळे उघडे ठेवून बघावं लागतं.
परवा गावात लांब कुठं बँजो वाजला,
तिचे कान उभे झाले,
उजवा पाय वर आला.

मी बांधावर बसून बघत राहिलो,
ठेवते का.